केवळ बाह्य उपयोगासाठी

मलमाच्या नळीवर, खरजेच्या औषधावर, सांधे चोळण्याच्या तेलावर आपण लहानपणापासून एक सूचना वाचत आलो आहोत : ‘केवळ बाह्य उपयोगासाठी’. तिचा सरळ अर्थ एवढाच, की हे औषध पोटात घेऊ नये. आपल्या मनात मात्र तिचा आणखी एक अर्थ रुजलेला असतो. जे बाहेर लावायचे ते बाहेरच राहते आणि जे बाहेर राहते त्यापासून अपाय होत नाही, असे आपण गृहीत धरतो. पहिला अर्थ बाटलीवर छापलेला आहे. दुसरा आपण पदरचा जोडलेला आहे. टक्कल पडू नये म्हणून डोक्याला लावण्याच्या संप्रेरकविरोधी औषधांच्या बाबतीत हा पदरचा अर्थ तपासून पाहणे किती आवश्यक आहे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

मी ३६ वर्षांचा आहे आणि न्यू जर्सीत संगणक अभियंता म्हणून काम करतो. तेहतिसाव्या वर्षी कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकू लागले आणि माथ्यावरची त्वचा व्हिडिओ-बैठकीच्या छोट्या चौकटीतही दिसू लागली. त्यानंतर सुमारे दोन वर्षे मी रोज रात्री फिनास्टेराइड या औषधाचे द्रावण डोक्याला लावीत होतो. आपल्या मंडळींत हा विषय उघडपणे निघत नाही. जयंतीचा कार्यक्रम आटोपतो, जेवणे होतात, आणि पार्किंगमध्ये एखादा तरुण मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारतो, “दादा, तुम्ही काही लावता का?” त्या प्रश्नात संकोच असतो आणि घाईही असते. वधू-वर परिचय मेळाव्याच्या अर्जासोबत छायाचित्र पाठवायचे असते, वय एकोणतीस झालेले असते आणि केस वाट पाहायला तयार नसतात.

अशा तरुणाला आपल्यातील काही ज्येष्ठ मंडळी अनित्यतेचा दाखला देऊन गप्प करतात. त्यांचे म्हणणे निराधार नाही. देहाच्या भागांचे चिंतन आपल्या परंपरेत केसांपासूनच सुरू होते. भिक्खूला प्रव्रज्येच्या वेळी जे पाच भाग चिंतनासाठी दिले जातात, त्यांतही पहिला केसच असतो. केस जाणार आहेत, हे मलाही मान्य आहे. परंतु केस जाणार आहेत हे जाणणे वेगळे आणि आपण डोक्याला काय चोळतो आहोत हे न जाणणे वेगळे. पहिल्याला ज्ञान म्हणतात. दुसऱ्याला ते नाव देता येणार नाही. शिवाय ज्या समाजाला नीटनेटके कपडे घालण्याचा हक्कही झगडून मिळवावा लागला, त्या समाजातील मुलाने आरशात पाहिले तर त्याला लगेच चैनीचा दोष लावण्याची मला घाई वाटत नाही. त्याने आरशात अवश्य पाहावे. त्यानंतर बाटलीही वाचावी.

केस का जातात, याची आपल्याकडे अनेक उत्तरे तयार असतात. हेल्मेट, बोअरचे जड पाणी, रात्रीची जागरणे, तेल न लावणे, फार विचार करणे. अमेरिकेत आल्यावर इथले पाणी. पुरुषांच्या नेहमीच्या टकलाशी यांचा फारसा संबंध नाही. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९४२ साली दाखवून दिले, की वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण निकामी झाले किंवा काढले गेले, अशा पुरुषांना टक्कल पडत नाही. मात्र त्यांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिले, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस गळू लागतात. म्हणजे दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात : संप्रेरक आणि आनुवंशिकता. ज्या ग्राहकाला हे संप्रेरक जाऊन चिकटते त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते आईकडून मिळते. त्यामुळे ‘मामावर गेला आहे’ हे आजीचे निदान अर्धे खरे ठरते. उरलेले अर्धे वडिलांच्या घराण्यातून येणाऱ्या इतर अनेक जनुकांत वाटले गेले आहे.

टेस्टोस्टेरॉन स्वतः केसांचे फारसे नुकसान करीत नाही. पाच-अल्फा-रिडक्टेज नावाचे एन्झाइम त्याचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे डीएचटीमध्ये करते. हा डीएचटी केसाच्या मुळाशी असलेल्या पेशींतील ग्राहकाला घट्ट धरतो. ज्यांची मुळे त्याला संवेदनशील असतात, त्यांच्या केसाचा वाढीचा काळ दरवेळी आखूड होत जातो. जाड केसाच्या जागी बारीक केस येतो, त्याच्या जागी लव येते आणि अखेरीस तीही दिसेनाशी होते. हे थांबवायचे दोन मार्ग आहेत. एन्झाइमला अडवून डीएचटी तयारच होऊ द्यायचा नाही, किंवा ग्राहकाची जागा दुसऱ्याच रेणूने व्यापून डीएचटीला तिथे बसू द्यायचे नाही. फिनास्टेराइड पहिले काम करते. मिनॉक्सिडिल हे अधिक परिचित औषध या दोन्हींत मोडत नाही. ते मुळात रक्तदाबाचे औषध, संप्रेरकांशी त्याचे भांडण नाही.

फिनास्टेराइडचा उगम सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. डोमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशाच्या नैऋत्येस सालिनास नावाचे एक दूरचे खेडे आहे. तिथल्या काही कुटुंबांत अशी मुले जन्मत, की जी जन्मतः मुली वाटत, मुली म्हणूनच वाढवली जात आणि वयात येताना त्यांचे शरीर पुरुषाचे होई. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली याचे कारण प्रसिद्ध केले : या मुलांच्या शरीरात पाच-अल्फा-रिडक्टेजची कमतरता होती. गर्भात असताना पुरेसा डीएचटी न मिळाल्याने त्यांची बाह्य जननेंद्रिये पुरती घडली नव्हती. आणि हीच माणसे मोठी झाल्यावर त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहिली, कपाळावरचे केस मागे सरकले नाहीत. औषध कंपनीने यातून बोध घेतला. त्या मुलांना जन्मतः जे कमी पडले होते, ते औषधाने मुद्दाम कमी करायचे. १९९२ मध्ये ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटच्या वाढीसाठी आणि १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमची गोळी टकलासाठी अमेरिकेत मान्य झाली.

आपल्या डोक्यावरचे केस टिकवण्याची किल्ली एका गरीब खेड्यातील मुलांच्या शरीराने जगाला दिली, ही गोष्ट मला विसरता येत नाही. त्याच मुलांनी या औषधाचा सर्वांत मोठा धोकाही आधीच सांगून ठेवला आहे. गर्भातल्या मुलग्याला डीएचटी लागतो. म्हणूनच गर्भवती स्त्रीने किंवा गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीने फुटलेल्या, चुरा झालेल्या फिनास्टेराइडच्या गोळीला हातही लावू नये, अशी सूचना गोळीच्या माहितीपत्रकात असते. अखंड गोळीवर वेष्टन असते, म्हणून ती हाताळण्याची चिंता नसते. आता विचार करावा : जे औषध मुळातच द्रवरूप आहे, त्याला कुठले वेष्टन?

गोळी सोडून द्रावणाकडे लोक वळले, त्याचे कारण समजण्यासारखे आहे. गोळी घेणाऱ्या काही पुरुषांना कामेच्छा कमी होणे, ताठरता कमी होणे, मन खिन्न होणे असे त्रास होतात. औषध फक्त माथ्यावरच काम करील, बाकी शरीराला त्याचा पत्ताही लागणार नाही, ही कल्पना म्हणून फार मोहक वाटते. आम्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना तर अधिकच. एखाद्या फंक्शनच्या आत घोषित केलेला चल त्या फंक्शनच्या बाहेर दिसत नाही. तसेच हे औषध ‘लोकल’ असेल, असे मनात येते. परंतु त्वचा ही तशी भिंत नाही. तिचा वरचा थर मोठ्या रेणूंना बऱ्यापैकी अडवतो; साधारणतः ५०० डाल्टनपेक्षा लहान रेणू आत शिरू शकतात. फिनास्टेराइडचे वजन सुमारे ३७२ आहे. शिवाय ते आत शिरलेच नाही, तर केसाच्या मुळापर्यंत पोचणार कसे? मुळाभोवती रक्तवाहिन्यांचे जाळे असते. जे औषध मुळापर्यंत जाते, ते थोडेफार रक्तापर्यंतही जाते. प्रश्न ‘किती’ हा आहे.

हा प्रश्न आमच्या घरी सर्वप्रथम माझ्या सहचारिणीने विचारला. मी एका ऑनलाइन सेवेकडे मागणी नोंदवली होती. काही पर्यायी प्रश्न, डोक्याची तीन छायाचित्रे, आणि आठवड्याभरात पार्सल दारात. ज्याने औषध लिहून दिले त्या डॉक्टरांचा आवाजही मी ऐकला नाही. ०.२५ टक्के फिनास्टेराइड आणि सोबत मिनॉक्सिडिल असलेली बाटली, एक ड्रॉपर आणि ‘रोज १ मिलिलिटर लावा’ एवढी सूचना. गोळीसोबत येते तसे दुष्परिणामांचे माहितीपत्रक त्यात नव्हते. आमची मुलगी तेव्हा एक वर्षाची होती. माझ्या खांद्यावर बसून दोन्ही मुठींनी केस धरणे हा तिचा आवडता उद्योग होता. सहचारिणीने बाटली हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाली, “डोक्याला लावलेलं डोक्यातच राहतं, हे कुणी मोजलंय का? आणि ही तुझे केस धरते, तेच हात तोंडात घालते. त्याचं काय?”

बाटली न उघडता मी आठवडाभर वाचन केले. मोजमापे उपलब्ध होती आणि ती बाटलीवरच्या सूचनेपेक्षा बरेच काही सांगत होती.

पहिली गोष्ट अशी, की टक्केवारी म्हणजे मात्रा नव्हे. ०.२५ टक्क्यांच्या द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये अडीच मिलिग्रॅम फिनास्टेराइड असते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात याच तीव्रतेचे द्रावण रोज लावले असता आठवड्याभरात रक्तातील डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. १ मिलिग्रॅमच्या गोळीनेही तो जवळजवळ तेवढाच खाली आला. रक्ताच्या दृष्टीने पाहिले, तर ‘बाह्य’ आणि ‘अंतर्गत’ हा भेद त्या मात्रेला उरलाच नव्हता. युरोपातील काही देशांत याच तीव्रतेचा फवारा पुढे मान्य झाला, तो दिवसाला एक ते चार फवाऱ्यांचा; एक फवारा ५० मायक्रोलिटरचा. म्हणजे जास्तीत जास्त ०.२ मिलिलिटर. माझ्या बाटलीवरची सूचना त्याच्या पाचपट होती.

या फवाऱ्याची मोठी चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. ४५८ पुरुष, २४ आठवडे. माथ्याच्या ठरावीक भागातील केसांची संख्या फवाऱ्याने सरासरी २० ने वाढली, औषध नसलेल्या फवाऱ्याने सुमारे ७ ने. रक्तातील फिनास्टेराइडची कमाल पातळी गोळीच्या तुलनेत शंभरपटीहून कमी होती. हे वाचून समाधान वाटते. पण त्याच चाचणीतील पुढचा आकडाही वाचला पाहिजे : रक्तातील डीएचटी गोळीने ५५.६ टक्के आणि फवाऱ्याने ३४.५ टक्के उतरला. औषध शंभरपट कमी, परिणाम मात्र निम्म्याहून अधिक शिल्लक.

हे कसे घडते, याचे उत्तर जुन्या एका अभ्यासात आहे. फिनास्टेराइडची गोळी १ मिलिग्रॅमची घेतली तर रक्तातील डीएचटी सुमारे ७१ टक्के उतरतो, ०.२ मिलिग्रॅमची घेतली तर सुमारे ६९ टक्के, आणि ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे विसावा हिस्सा घेतला, तरी जवळजवळ ५० टक्के. एन्झाइमला अडवण्यासाठी या औषधाची अत्यल्प मात्राही पुरते. चुलीवरच्या कढीत मीठ निम्मे केले तर चव निम्मी होते. हिंगाचे तसे नसते. फिनास्टेराइड हिंगाच्या जातीचे आहे. म्हणून ‘फारच थोडे शोषले जाते’ हे विक्रेत्याचे वाक्य खरे असूनही त्यातून आपण जो अर्थ काढतो, तो खरा असेलच असे नाही.

बाटली घेऊन मी एका चर्मरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डोक्याला लावण्याचे कोणतेही फिनास्टेराइड मान्य केलेले नाही. इथे मिळते ते औषधशाळेत मिसळून दिलेले असते. आणि युरोपातील फवाऱ्याचे आकडे माझ्या बाटलीला जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण द्रावक निराळा आहे. त्या फवाऱ्यात त्वचेवर पातळ पापुद्रा धरणारा पदार्थ असतो, माझ्या द्रावणात मद्यार्क आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल होते. आम्ही मात्रा ०.२ मिलिलिटरवर आणायचे ठरवले. ड्रॉपरच्या जागी सुई नसलेली १ मिलिलिटरची सिरिंज आली, तिच्यावरच्या रेषा स्पष्ट वाचता येतात. घरचे नियमही ठरले. मुलगी झोपल्यावर लावायचे, हात साबणाने धुवायचे, डोके पूर्ण वाळल्याशिवाय उशीला टेकायचे नाही, माझी उशी वेगळी, तिची खोळ वेगळी धुवायची आणि सकाळी डोके धुतल्याशिवाय मुलीला खांद्यावर घ्यायचे नाही. सकाळी ती दोन्ही हात वर करून उभी असे आणि मी न्हाणीघराकडे पळे.

हा अतिरेक नव्हता, असे मला नंतरच्या घडामोडींवरून वाटते. एप्रिल २०२५ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने मिसळून दिल्या जाणाऱ्या अशा द्रावणांविषयी सावधगिरीची सूचना काढली. २०१९ ते २०२४ या काळात त्यांच्याकडे ३२ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. त्यांत नैराश्य, चिंता, निद्रानाश, मेंदूवर धुके आल्यासारखे वाटणे, कामेच्छा व ताठरता कमी होणे असे त्रास होते. औषध बंद केल्यावरही ते टिकल्याचे काहींनी सांगितले. लावायच्या औषधाला असे दुष्परिणाम असू शकतात हे आपल्याला कुणी सांगितलेच नव्हते, असेही काहींचे म्हणणे होते. स्पर्शातून ते घरातील इतरांपर्यंत जाऊ शकते, याची आठवणही त्या सूचनेत आहे. त्याच वर्षी युरोपीय औषध संस्थेने आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. फवाऱ्याशी त्याचा संबंध जोडणारा पुरावा मात्र तिला आढळला नाही. मिनॉक्सिडिलही स्पर्शातून जाते. वडिलांनी डोक्याला लावलेल्या मिनॉक्सिडिलचा संपर्क आलेल्या तान्ह्या बाळांच्या अंगावर केस वाढल्याच्या नोंदी युरोपात झाल्या आहेत.

या आकड्यांनी घाबरून जाणे हाही विवेक नव्हे. ३२ तक्रारी म्हणजे किती वापरणाऱ्यांमागे ३२, हे त्या आकड्यातून कळत नाही. भीतीचा परिणामही मोजला गेला आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम फिनास्टेराइड घेणाऱ्यांचे दोन गट केले होते. एका गटाला लैंगिक दुष्परिणामांची कल्पना दिली, दुसऱ्याला दिली नाही. पहिल्या गटात ४३.६ टक्के लोकांनी त्रास नोंदवला, दुसऱ्यात १५.३ टक्के लोकांनी. यावरून ‘सगळे मनाचे खेळ’ असा निष्कर्ष काढणारे मला भेटले आहेत. ते दुसऱ्या गटातील १५ टक्के विसरतात. आणि ‘औषधच विषारी’ म्हणणारे दोन गटांमधला फरक विसरतात. मला स्वतःला त्रास झाला नाही. माथ्यावर थोडी भर पडली, कपाळाचे कोपरे होते तिथेच थांबले. एवढेच फळ होते आणि मला ते पुरेसे वाटले.

फिनास्टेराइडखेरीज आणखी काही रेणूंची नावे तरुण मला सांगतात. ग्राहकाची जागा व्यापणारे हे रेणू. शरीरभर न पसरता जागच्या जागी निकामी व्हावेत अशा हेतूने त्यांतील काही मुद्दाम घडवलेले आहेत. चेक प्रजासत्ताकात तयार झालेले फ्लुरिडिल पाण्याशी संपर्क येताच विघटित होते, म्हणून ते कोरड्या डोक्यालाच लावायचे. क्लास्कोटेरोनचे १ टक्क्याचे मलम २०२० साली अमेरिकेत मुरुमांसाठी मान्य झाले. त्वचेतून गेल्यावर त्याचे लवकर विघटन होते. तरीही अधिवृक्क ग्रंथीच्या कामावर परिणाम होऊ शकतो, असा इशारा त्याच्या माहितीपत्रकात आहे. ‘लोकल’ म्हणून जन्माला घातलेल्या रेणूलाही असा इशारा द्यावा लागतो. आरयू ५८८४१ ची गोष्ट याहून गंभीर. टकलासाठी त्याला कुठेही मान्यता मिळालेली नाही. तरी त्याची पूड इंटरनेटवर विकली जाते आणि पाकिटावर लिहिलेले असते, ‘केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नव्हे’. माझ्या ओळखीचा एक हुशार अभियंता ती पूड स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर मोजून मद्यार्कात मिसळतो. कार्यालयात तो चाचणी न झालेल्या कोडची एक ओळही पुढे जाऊ देत नाही. त्याला मी एवढेच विचारले, की इथे चाचणी कोणावर चालू आहे? तो हसला. मिसळणे चालूच आहे.

गेल्या वर्षी आम्ही दुसऱ्या अपत्याचा निर्णय घेतला. फिनास्टेराइड घेणाऱ्या काही पुरुषांत वीर्याचा दर्जा खालावल्याच्या आणि औषध थांबवल्यावर तो सुधारल्याच्या नोंदी आहेत. शुक्रजंतू घडायला साधारण अडीच महिने लागतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ज्या घरात गर्भवती स्त्री असणार त्या घरात ती बाटली, ती उशी, तो टॉवेल यांवर रोज पहारा ठेवावा लागणार होता. नियम पाळता येतात. दोन वर्षे पाळलेही होते. पण नियम पाळण्यातील एखाद्या दिवसाच्या कसुरीची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न होता. ती किंमत माझ्यावर पडणार नव्हती. ज्याला विचारता येत नाही आणि ज्याने संमती दिलेली नाही, अशा जिवावर ती पडली असती. सालिनासच्या मुलांची गोष्ट ठाऊक असलेल्या माणसाला याहून अधिक विचार करावा लागत नाही. तीन महिने आधी मी दोन्ही औषधे थांबवली. उरलेली बाटली मोरीत न ओतता औषधे परत घेणाऱ्या दुकानातील पेटीत टाकली.

आज सहचारिणीला पाचवा महिना आहे. औषध थांबवल्यावर त्याने राखलेले केस वर्षभरात जातात, असे माहितीपत्रके सांगतात आणि माझा कंगवाही तेच सांगतो. न्हाणीघराच्या जाळीत रोज काही केस अडकलेले दिसतात. वाईट वाटत नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल. कपाळ पुन्हा मागे सरकते आहे. मुलगी आता कुठल्याही वेळी खांद्यावर चढते आणि मिळतील ते केस दोन्ही मुठींनी धरते. बाळ थोडे मोठे झाल्यावर औषध पुन्हा सुरू करायचे की नाही, ते तेव्हा दोघे मिळून ठरवू.

मित्रहो, महाराष्ट्रातील आपल्या घरच्यांनाही हे सांगणे गरजेचे आहे. तिकडे ५ टक्के मिनॉक्सिडिल आणि ०.१ टक्का फिनास्टेराइड यांचे एकत्र द्रावण बाजारात आहे. परवा नागपूरहून माझ्या मामेभावाचा फोन आला. मित्राच्या सांगण्यावरून त्याने हेच द्रावण आणले होते. बाटलीत काय आहे असे विचारल्यावर म्हणाला, “केसांचं तेलच आहे न दादा, लावायचंच तर आहे.” त्याची बायको सात महिन्यांची गर्भवती आहे आणि रोज रात्री तीच त्याच्या डोक्याला ते लावून देते. मी त्याला बाटलीवरची नावे मोठ्याने वाचायला लावली आणि ती तिच्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायला सांगितले.

त्यालाही जे सांगितले आणि पार्किंगमध्ये विचारणाऱ्या तरुणांनाही जे सांगतो, ते थोडक्यात असे. बाटलीत कोणता रेणू आहे, त्याचे नाव वाचा. ‘हेअर टॉनिक’ हे रेणूचे नाव नव्हे. टक्केवारीला रोजच्या मिलिलिटरने गुणून रोज किती मिलिग्रॅम लागते, ते काढा. एक टक्का म्हणजे मिलिलिटरमागे दहा मिलिग्रॅम, एवढे सूत्र त्याला पुरते. आपल्या डोक्याला, हाताला, उशीला आणखी कोणाचा स्पर्श होतो, ते मोजा. घरात गर्भवती स्त्री किंवा तान्हे मूल असेल, तर निर्णय एकट्याने घेऊ नका. मन उदास राहू लागले, झोप उडाली, तर ‘डोक्याला लावायच्या औषधाने असे कसे होईल’ म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा. आणि वडिलांच्या वयाचे कोणी हे वापरत असतील, तर प्रोस्टेटच्या पीएसए चाचणीपूर्वी डॉक्टरांना त्याची कल्पना द्यायला सांगा; फिनास्टेराइडची गोळी हा आकडा जवळजवळ निम्म्यावर आणते, त्यामुळे असलेला आजार आकड्यात झाकला जाऊ शकतो.

आठवड्याभराने मामेभावाचा पुन्हा फोन आला. बायकोच्या डॉक्टरांनी बाटली घरातून काढून टाकायला सांगितली आणि पुढच्या सोनोग्राफीच्या वेळी आपण नीट पाहू, असा दिलासा दिला. फोन ठेवताना त्याने विचारले, “दादा, मग आता माझ्या केसांचं?” मी म्हटले, “दोन-अडीच महिने थांब. बाळाला येऊ दे. मग डॉक्टरांना विचारून ठरव.”